कावळ्याच्या चोचीतला आकडा

थोरल्या काकांचा दहावा पुण्याच्या ओंकारेश्वराच्या घाटावर होता. पिंड मांडून पाऊण तास झाला तरी कावळा शिवेना. समोरच्या झाडावर पाच-सहा कावळे बसलेले. एक तर अगदी खाली उतरला, मान तिरकी करून भाताकडे बघितलं आणि पुन्हा फांदीवर जाऊन बसला. घरच्यांनी एकेक करून हात जोडले. "धाकटीच्या शिक्षणाचं आम्ही बघू, काळजी करू नका." "गावचं घर विकणार नाही." तरी नाहीच. शेवटी गुरुजींनी दर्भाची चार पाती निवडली, दुमडली, गाठ मारली आणि बघता बघता त्यांचा कावळा केला. माझा भाचा शेजारी उकिडवा बसून बघत होता. त्याने मदत म्हणून एक पातं पुढे केलं, तर गुरुजी म्हणाले, "हे कोवळं आहे बाळा, गाठ मारताना तुटतं. जाड बघून दे." दर्भाचा कावळा पिंडाला लागला आणि काकूंनी डोळे पुसले.

पायऱ्या चढताना भाचा माझ्या कानाशी लागला. तो दहावीत आहे. "मावशी, चिंपांझीपण असंच करतात ना? काडी निवडून घेतात?" आत्याने ते ऐकलं. "तुम्हाला शाळेत शिकवतात ना रे, माकडाचा माणूस झाला म्हणून? मग आत्ताची माकडं का होत नाहीत माणूस? सिंहगडावर एवढी आहेत, एकही झालेलं बघितलं नाही मी."

मी तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. हा प्रश्न पालकांनी विचारला, सहकारी शिक्षकांनी विचारला, एकदा रिक्षावाल्याने विचारला. त्या दिवशी घाटावर बोलायची वेळ नव्हती. आत्याचा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचं उत्तर कावळ्यापासून सुरू करता येतं, म्हणून हे लिहिते आहे.

आधी चिंपांझीचं सांगते. नोव्हेंबर १९६०. आज ज्याला टांझानिया म्हणतात त्या देशातलं गॉम्बेचं जंगल. चिंपांझींचा अभ्यास करायला तिथे गेलेल्या जेन गुडॉल तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, विद्यापीठाची पदवीही हातात नव्हती. त्यांना वाळवीच्या वारुळासमोर एक नर चिंपांझी बसलेला दिसला. हनुवटीवरच्या पांढुरक्या केसांवरून त्यांनी त्याचं नाव डेव्हिड ग्रेबिअर्ड ठेवलं होतं. त्याने गवताची लांब काडी वारुळाच्या भोकात अलगद सरकवली आणि थोडा वेळ थांबला. आतल्या सैनिक वाळव्या काडीला चावून लोंबकळल्या. मग त्याने काडी हळूच बाहेर ओढली, ओठांतून फिरवली आणि वाळवी खाल्ली. काडी वाकली की दुसरी. पुढे गुडॉल यांना असंही दिसलं की चिंपांझी पानांची डहाळी तोडतात आणि पानं ओरबाडून काढून तिची काडी करतात. म्हणजे नुसती सापडलेली वस्तू वापरणं नव्हे, कामाजोगी वस्तू घडवणं.

त्या काळी 'अवजार घडवणारा प्राणी' हीच माणसाची ओळख समजली जायची. गुडॉल यांना गॉम्बेला पाठवणारे लुई लीकी यांनी बातमी कळताच तार केली. तिचा आशय असा, की आता अवजाराची व्याख्या बदलावी लागेल, माणसाची बदलावी लागेल, नाहीतर चिंपांझींना माणसांत घ्यावं लागेल.

खरं तर डार्विन यांनी हे नव्वद वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं. १८७१ साली आलेल्या त्यांच्या माणसाच्या वंशावरच्या पुस्तकात दगडाने कठीण फळ फोडणारा चिंपांझी आहे आणि फांदी मोडून तिने माश्या हाकणारा हत्तीही आहे. पुढे कर्नाटकातल्या नागरहोळेत अभ्यासकांनी पाळीव हत्तींना लांबलचक फांद्या देऊन पाहिल्या, तर त्यांतल्या अनेकांनी सोंड आणि पाय वापरून फांदीचे तुकडे केले आणि हाताळायला सोयीचा तुकडा घेतला. समुद्री ऊदमांजर पाठीवर तरंगत पोटावर दगड ठेवतं आणि त्यावर शिंपले आपटतं. थायलंडच्या किनाऱ्यावरची माकडं दगडाने कालवं फोडतात. इंडोनेशियातला एक ऑक्टोपस करवंट्या जमवून त्यांचा आडोसा करतो. ब्राझीलमधल्या कापुचिन माकडांच्या जागेवर उत्खनन केलं, तर दगडाने कठीण खाणं फोडायची त्यांची रीत सुमारे ३,००० वर्षं चालत आल्याचं निघालं.

यादी लांबवता येईल, पण तिच्यात अडकलं की मुद्दा निसटतो. त्याआधी एक गोष्ट साफ करायला हवी, अवजार म्हणायचं कशाला?

आमच्या गॅलरीत पाण्याचं पसरट भांडं असतं. रोज सकाळी एक गावकावळा पोळीचा वाळका तुकडा घेऊन येतो. तुकडा पाण्यात टाकतो, चोचीने एकदा दाबतो, बाजूला सरकून वाट बघतो आणि मऊ झाल्यावर खातो. कडक असला तर परत बुडवतो. हे हुशारीचं काम आहे, पण अभ्यासकांच्या लेखी हा अवजाराचा वापर नाही. एक सुटी वस्तू धरून तिच्याने दुसऱ्या वस्तूवर काम केलं तर ते अवजार. दगड उचलून शहामृगाच्या अंड्यावर मारणारं पांढरं गिधाड त्यात बसतं. अंडं उचलून खडकावर टाकणारा पक्षी काठावर राहतो, कारण खडक त्याने धरलेला नाही. आणि आपला शिंपी पक्षी? कर्दळीच्या, जास्वंदीच्या पानांना चोचीने भोकं पाडतो, त्यातून कापूस नाहीतर कोळ्याचं जाळं ओवतो आणि पानाची झोळी शिवतो. त्याला बहुतेक जण घरबांधणीत धरतात, अवजारात नाही. सुगरणीचंही तेच. मला ही रेघ थोडी मनमानी वाटते. ती माणसाने आपल्या सोयीसाठी मारली आहे, निसर्गाने नाही, एवढं ध्यानात असलं म्हणजे पुरे.

आता ज्या कावळ्यासाठी हे शीर्षक दिलं तो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला न्यू कॅलेडोनिया नावाचं बेट आहे. तिथला कावळा लाकडाच्या भोकातल्या अळ्या काढायला आकडा बनवतो. फाटा असलेली डहाळी घेतो, फाट्याच्या खाली तोडतो, पानं-साल काढतो आणि टोकाला चोचीने कोरून आकडी नीट करतो. दुसरं अवजार तो केवड्याच्या कुळातल्या एका झाडाच्या काटेरी पानापासून करतो. पानाची कड अशी कातरतो, की पट्टी एका बाजूला रुंद आणि टोकाकडे टप्प्याटप्प्याने निमुळती होते. धरायला मजबूत आणि घालायला बारीक! गॅविन हंट यांनी १९९६ साली हे जगापुढे मांडलं. मग २००२ मध्ये ऑक्सफर्डला बेटी नावाच्या कावळीने सरळ तार वाकवून आकडा केला आणि नळीतली खाऊची बादली वर ओढली. जगभर तिची बातमी झाली. बेटीने ही युक्ती जागेवरच विचार करून काढली, असं तेव्हा सगळ्यांना वाटलं. पण २०१६ मध्ये दिसून आलं, की त्या बेटावरचे रानातले कावळेही डहाळ्या अशाच वाकवतात. म्हणजे बेटीची सवय मुळात जातीची होती. मला हा किस्सा मुलांना सांगायला फार आवडायचा, कारण विज्ञान आधी केलेलं कौतुकही परत तपासतं हे त्यात दिसतं.

आणखी एक प्रयोग इथे मोलाचा आहे. २००५ मध्ये या जातीची चार पिल्लं माणसांच्या हाताखाली वाढवली. त्यांनी मोठ्या कावळ्याला अवजार वापरताना कधीच पाहिलं नव्हतं. तरी चारही पिल्लं काडी घेऊन भोकातलं खाणं काढायला लागली. म्हणजे त्या ओढीतला काही भाग रक्तातून आलेला आहे. शरीरही त्याला जुळलेलं आहे. बाकीच्या कावळ्यांची चोच खाली किंचित वळलेली असते, याची सरळ आहे आणि डोळे अधिक समोर, त्यामुळे चोचीत धरलेल्या काडीचं टोक दोन्ही डोळ्यांना दिसतं. सुतारपक्षी नसलेल्या बेटावर लाकडातल्या अळ्या कुणीच खात नव्हतं. ज्याला त्या काढता आल्या त्याची पिल्लं जगली, त्या पिल्लांना ती ओढ आणि ती चोच मिळाली, हजारो पिढ्या हेच होत राहिलं. नैसर्गिक निवड म्हणजे एवढंच. यात कुणी ठरवत नाही, कुणी चढत नाही.

पण 'चढत नाही' यावरच आपल्याकडे सगळं अडतं, आणि त्यात आपल्या भाषेचाही वाटा आहे. आपण शब्द वापरतो उत्क्रांती. त्यातलं 'उत्' म्हणजे वर. शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे शिडी उभी राहते. खाली जंतू, मग मासा, बेडूक, माकड आणि सगळ्यात वरच्या पायरीवर माणूस. डार्विन यांचा आवडता शब्दप्रयोग मात्र वेगळा होता. मराठीत सांगायचं तर 'बदल होत होत चालत आलेला वंश'. त्यात वर-खाली काही नाही, घराण्याची वंशावळ आहे. शिडीऐवजी वडाचं झाड डोळ्यांपुढे आणा. आजची प्रत्येक फांदी आजचीच आहे. कावळ्याची फांदी आपल्याइतकीच ताजी, झुरळाचीसुद्धा.

म्हणूनच कावळ्याचा आकडा बघून "बघा, तोही माणूस व्हायला निघाला" असं कुणी म्हणालं की मी थांबवते. कावळा आणि माणूस यांचा सामाईक पूर्वज शोधायला ३० कोटी वर्षांहून मागे जावं लागतं. तो बहुधा सरड्यासारखा काहीतरी होता आणि आकडे बनवत नव्हता. कावळ्याने आकडा स्वतंत्रपणे मिळवला आणि आपण आपला. वटवाघळाला पंख आहेत आणि चिमणीलाही, पण कुणी कुणाकडून घेतलेले नाहीत, तसंच हे. चिंपांझीची गोष्ट निराळी. त्याचा आणि आपला पूर्वज ६० ते ७० लाख वर्षांपूर्वीचा, त्यामुळे काडी-दगड हाताळायची सवय दोघांना एकाच घरातून आलेली असू शकते. दोन्ही उदाहरणं एका दमात सांगून 'सिद्ध झालं' म्हणणारे लोक उत्क्रांतीची बाजू घेतात खरे, पण समजून घेतात असं वाटत नाही.

आणि हुशारीचीही शिडी नाही. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गल्लीतल्या झाडावर दरवर्षी एक दृश्य दिसतं. पोळी भिजवणारा तोच हुशार कावळा कोकिळेच्या पिल्लाला भरवत असतो. पिल्लू अंगापिंडाने वेगळं, आवाज वेगळा, तरी त्याच्या उघड्या चोचीत घास जातोच. एका कामात तल्लख आणि दुसऱ्यात असा फसणारा. शिडी मानली तर याचा अर्थ लागत नाही. गरजेप्रमाणे एकेक गुण घासला जातो असं मानलं तर लागतो.

आता आत्याचं उत्तर. आमचं मूळ घर राजापूरकडचं. पणजोबांचा एक भाऊ तिथेच राहिला, आमचे पणजोबा पुण्याला आले. आज कोकणातही माणसं आहेत आणि पुण्यातही. "तुम्ही कोकणातून आलात, मग कोकणात अजून लोक कसे?" असं कुणी विचारत नाही. आमचे चुलते पुणेकर व्हायचे राहून गेलेले नाहीत, ते त्यांच्या जागी बदलत गेले आणि आम्ही आमच्या. सिंहगडावरची माकडं आपली चुलत घराण्यातली आहेत. त्यातही फार लांबची. चिंपांझी त्यांच्यापेक्षा जवळचे. आजच्या कुठल्याही माकडाचा माणूस झाला असं विज्ञान म्हणतच नाही.

"पण झालेलं कुणी पाहिलं?" हा त्याच्या पाठोपाठचा प्रश्न. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी तो जाहीरपणे मांडला. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेलं नाही, त्यामुळे डार्विन यांचा सिद्धान्त चुकीचा आहे आणि अभ्यासक्रम बदलला पाहिजे, असा त्यांचा सूर होता. ते एकेकाळी पुण्याचे पोलीस आयुक्त होते. गुन्हा घडताना पाहणारा साक्षीदार नसला तरी ठशांवरून, रक्तावरून, मातीवरून काय घडलं ते पोलीस शोधतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी एकत्र निवेदन काढून त्यांचं म्हणणं खोडलं.

वेताळ टेकडीवर फिरायला जाता ना? पायाखालचा काळा खडक म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला लाव्हा. तो वाहताना कुणी पाहिला? आपण थर मोजतो, खडकाचं वय काढतो आणि निःशंकपणे 'ज्वालामुखीचा दगड' म्हणतो. सजीवांच्या बाबतीतही असे थर आहेत, आणि त्यांतला एक मला सगळ्यांत बोलका वाटतो. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्या पेशींत गुणसूत्रांच्या, म्हणजे आनुवंशिक माहिती साठवणाऱ्या धाग्यांच्या, २४ जोड्या असतात, माणसाच्या २३. पूर्वज एक असेल तर एक जोडी गेली कुठे? नुसती हरवली असती तर आपण जगलोच नसतो. मग दोन गुणसूत्रं एकमेकांना चिकटली असणार, आणि तसं असेल तर खूण राहायला हवी. दोन वह्या टोकाला टोक लावून शिवल्या तर नव्या जाड वहीच्या मधोमध जुने पुठ्ठे सापडतील, तशी. माणसाचं दुसऱ्या क्रमांकाचं गुणसूत्र तपासलं, तर डीएनएचा जो क्रम एरवी टोकांना असतो तो त्याच्या मधल्या भागात, तोंडाला तोंड लावून सापडला. गुणसूत्राच्या कमरेसारखा जो एक भाग असतो, त्याची दुसरी मोडकी खूणही सापडली. मी हे फळ्यावर काढायचे तेव्हा वर्ग एकदम शांत व्हायचा.

धर्माशी भांडण पेटलं ते पश्चिमेकडे, आणि त्याचं कारण त्यांच्या घरातलं आहे. सृष्टी सहा दिवसांत झाली, माणूस वेगळा घडवला गेला, हे तिथे शब्दशः मानणारे बरेच होते. १९२५ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला चालला आणि शंभर डॉलर दंड झाला. तो तांत्रिक कारणाने पुढे रद्द झाला, पण कायदा १९६७ पर्यंत टिकला. त्या कायद्याची भाषा बघण्यासारखी आहे. माणूस 'खालच्या दर्जाच्या' प्राण्यांपासून आला असं शिकवायला त्यात बंदी होती. शिडी तिथेही होतीच. दुसरीकडे कॅथलिक चर्चने एवढं ताणलं नाही. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही केवळ एक कल्पना राहिलेली नाही असं मान्य केलं, आत्म्याचा प्रश्न मात्र धर्माकडे ठेवला. सजीवांमागे बुद्धिमान रचनाकार आहे ही मांडणी विज्ञान म्हणून शाळेत शिकवता येणार नाही, असा निकाल २००५ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या न्यायालयाने दिला.

आपल्याकडे हे भांडण जसंच्या तसं बसत नाही. आपल्या पुराणांत लाखो वर्षांची युगं आणि कोट्यवधी वर्षांचे कल्प आहेत, त्यामुळे पृथ्वीचं वय ऐकून कुणी दचकत नाही. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतून फिरणारा जीव मानणाऱ्याला प्राणी आणि माणूस यांच्यातली भिंत तशीही पातळ वाटते. आपण मारुतीला नमस्कार करतो, जटायूची गोष्ट सांगताना गळा दाटतो, कावळ्याच्या रूपाने पितर येतात असं मानतो. मग दुखतं कुठे? माझ्या मते 'माकड' या शब्दात. आपल्याकडे ती शिवी आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींतही नरजन्म सगळ्यात वरचा. उतरंडीत वरचं मडकं असण्याची सवय लागली, की खालच्याशी नातं सांगणं अपमान वाटतं. माणसामाणसांतही आपण हेच केलं आहे.

आणि ज्यांना अपमान नको ते दशावतार पुढे करतात. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, म्हणजे उत्क्रांती आम्हाला आधीच ठाऊक होती. मला हे पटत नाही, आणि मी देव मानणारी बाई आहे. मत्स्याच्या वंशात कूर्म जन्मला असं कुठलंही पुराण म्हणत नाही. प्रत्येक अवतार भक्तांच्या संकटात धावून आला, हे त्या कथेचं मर्म आहे. तिला जीवशास्त्राच्या धड्यात कोंबलं तर धडाही कच्चा राहतो आणि कथेतला देवही हरवतो. देव आहे की नाही हे कावळ्याच्या आकड्यावरून ठरत नाही. पण माणूस पृथ्वीवर कसा आला, हा प्रश्न खडकांना आणि पेशींना विचारता येतो, आणि विचारला तर येईल ते उत्तर ऐकलं पाहिजे.

मला काळजी आहे ती मुलांची. २०२३ मध्ये एनसीईआरटी या केंद्राच्या पाठ्यपुस्तक संस्थेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याचं नाव नुसतं 'आनुवंशिकता' उरलं. अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक, विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध सह्या केल्या. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे असं सांगतात, पण दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलाला ते कधी कळणार? आपल्या बालभारतीच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा पहिलाच धडा आहे. तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटतं.

माणूस आणि प्राणी यांच्यात फरकच नाही, असं मी म्हणत नाही. डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात दगडी हातकुऱ्हाडी आहेत, एकदा बघून या. दोन्ही बाजू सारख्या, टोक निमुळतं, मूठ बसायला जागा. तिथले पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी कर्नाटकात इसामपूरला अशा हत्यारांचा अख्खा कारखाना खणून काढला, सुमारे १२ लाख वर्षांपूर्वीचा. कापुचिन माकडं दगडावर दगड आपटतात तेव्हा धारदार कपच्या उडतात, थेट आदिमानवाच्या वाटाव्यात अशा, पण माकड त्या उचलून वापरत नाही. माणसाने कपची उचलली, धार पाहिली, पोराला दाखवली, पोराने त्यात भर घातली. ही भर घालत जाण्याची रीत आपल्यात प्रचंड वाढली. डार्विन यांच्या मते हा फरक कितीही मोठा असला तरी प्रमाणाचा आहे, प्रकाराचा नाही, आणि मलाही तसंच वाटतं.

भाच्याने परवा नवं काढलं. तहानलेल्या कावळ्याची गोष्ट खरी आहे का? मी त्याला २००९ चा प्रयोग सांगितला. इंग्लंडमध्ये कावळ्याच्याच कुळातल्या रूक पक्ष्यांना नळीत अर्धवट पाणी, त्यावर तरंगती अळी आणि बाजूला खडे दिले. त्यांनी खडे टाकून पाणी वर आणलं, आणि अनुभवाने लहानांऐवजी मोठे खडे निवडायला लागले. मग काय, आमच्या गॅलरीत काचेचा उंच पेला आला. पहिल्या दिवशी कावळ्याने तो सरळ आडवा पाडला आणि सांडलेलं पाणी प्यायला. दुसऱ्या दिवशी भाच्याने पेला एमसीलने पाटावर चिकटवला, आत पनीरचा तुकडा तरंगत ठेवला आणि शेजारी मुठेच्या पात्रातले खडे मांडले. पहिले चार दिवस कावळा पाटाजवळ फिरकलाच नाही, कठड्यावरून मान तिरकी करून बघायचा आणि उडून जायचा, अगदी घाटावरच्यासारखा. पाचव्या दिवशी उतरला. एक खडा चोचीत धरला, पेल्याकडे बघितलं आणि खडा पाण्याच्या पसरट भांड्यात, जिथे तो रोज पोळी भिजवतो तिथे टाकला.

भाच्याने वेळ लिहून ठेवली आहे, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. पुढच्या रविवारी आत्या येणार आहे बघायला.